पाण्याला दिलेली साइट

स्वतःच्या मालकीची जागा असून आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलेला, आणि वर त्याचा अभिमान बाळगणारा माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. नव्वदच्या दशकात मी पुण्याहून नोकरीसाठी आलेला नवखा. बायकोच्या माहेरची मराठी मंडळी इथं पिढ्यान्‌पिढ्यांची. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी पगार विचारला, पत्रिका विचारली. मामा कोपऱ्यात कॉफीचा लोटा धरून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरचं पाणी कुठं जातं हो?" मला कुठलं माहीत. मी आपलं "खाली" म्हणून सांगितलं. "मग खाली कोण राहतं?" जमत आलेलं लग्न आता मोडतंय की काय, अशी मला धास्ती वाटली.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात वर्षानुवर्षं राबून मामांनी कोरमंगल्यात ती जागा घेतली होती. इकडे प्लॉटला साइट म्हणतात. ही साइट ते भाड्यानं राहत त्याच गल्लीच्या सगळ्यात सखल टोकाला, मोठ्या नाल्याला लागून. पहिल्याच पावसाळ्यात नाला फुगला आणि पाणी तिथं येऊन बसलं. दुसरा कोणी असता तर भराव घालून मोकळा झाला असता आणि पाणी शेजाऱ्याच्या दारात गेलं असतं. जो तो तेच करत होता. मामांनी उलट माती उपसून साइट आणखी खोल केली. "ते आधीपासून इथं बसतंय. त्याला ऊठ कसं म्हणू?" म्हणाले. तिथं त्यांनी अळू लावलं, आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला ते इतकं खाऊ घातलं की मामा पिशवी घेऊन निघाले की लोक दारं लावून घेत. रविवारी तर त्यांच्यापासून सुटका नव्हती. नाल्यातला गाळ काढायला ते एकेकाला अंथरुणातून उठवत. "स्वल्प या हो, पाच मिनिटं," असं कानडी वळणानं म्हणत, आणि माणूस जेवणाच्या वेळेला गुडघाभर चिखल घेऊन परते. दिवाळसणाला माझा नवाकोरा झब्बा त्यात कायमचा गेला. मी जाम चिडलो होतो. कोणी अंगणात सिमेंट ओतायला घेतलं की मामा फाटकाशी उभे राहून इतकं बोलत, की तो बिचारा कंटाळून पाणी मुरायला मातीचा एक पट्टा मोकळा सोडून देई.

या सगळ्यात मामींचा मात्र जीव मेटाकुटीला आला होता. त्यांना घर हवं होतं, बस्स. घरमालकाला न विचारता खिळा ठोकता येईल असं, चार भिंतींचं. "अळू चिरून चिरून हात खाजतात माझे," त्या मला म्हणायच्या, "आणि घर कुठं आहे, जावईबापू?"

मग एका वर्षी दसऱ्याच्या सुमारास दुपारभर पाऊस कोसळला. आसपासच्या गल्ल्यांत पाणी पलंगांपर्यंत चढलं. मामांच्या गल्लीत मात्र त्यांची साइट काठोकाठ भरली, थोडं पाणी रस्त्यावरही आलं, पण साइटशेजारच्या घराच्या पायरीखालीच थांबलं. त्या घरात ओली बाळंतीण होती. तिच्या आईनं येऊन मामींचे हात हातात घेतले. "अक्का," एवढंच तिला बोलता आलं.

संध्याकाळी सगळी गल्ली मामांचं कौतुक करत होती. त्यांचं लक्ष मामींच्या चेहऱ्याकडे. लोक गेल्यावर हळूच म्हणाले, "फार वर्षं थांबवलं तुला. तू म्हणशील तर भराव घालू. घर बांधू या."

"नको," मामी म्हणाल्या. "पलीकडं बाळ आहे. मला कडेला बसायला एक दगडी कट्टा तेवढा करून द्या."

मामांनी त्या कट्ट्याला घराइतका वेळ लावला. दगड कुठला, उंची किती, तोंड कुणीकडं, सगळं मामींना विचारून. झाल्यावर भटजी बोलावून चक्क वास्तुशांत केली, गल्लीला जेवण घातलं. कट्ट्याची वास्तुशांत! मी गालातल्या गालात हसतच गेलो होतो. मामी इरकली नेसून, नथ घालून आल्या आणि माझं हसू तिथंच विरलं. आता दोघंही नाहीत. त्यांची आठवण निघाली की मला तीच दुपार दिसते. मामांनी हात धरून त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "आवडलं का घर?"

"आवडलं," मामी म्हणाल्या, आणि सरकून त्यांनी मामांना शेजारी जागा करून दिली.