पाठमोरी बोटं

माझ्या वर्गात सुरांचं उत्तर कुणी तोंडानं देत नाही. पेटीवर सा वाजवून मी ग वाजवला की मुलं तीन बोटं वर करतात, प वाजवला की अख्खा पंजा, ध-नि ला दुसऱ्या हाताची बोटंही. स्वर कोमल असेल तर शेवटचं बोट वाकवायचं. नव्या मुख्याध्यापकांनी विचारलं, ही कुठली पद्धत? म्हटलं, लूमची. त्यांनी मान डोलावली, पण कळलं काहीच नसणार.

माझे आप्पा धुळ्याकडून सुरतेला आले ते लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायला. कारखान्यातल्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर खुणांनी बोलतात. आप्पा घरीही तसेच. चहा हवा तर दोन बोटं, पाणी हवं तर अंगठा. आई चिडायची, "घरमा तरी तोंड उघडा!" सुरतेतल्या आमच्या नवागाम वस्तीच्या भजनी मंडळात पेटी तेच वाजवायचे आणि ती पेटी आमच्या खोलीतच असायची.

मी संगीताची परीक्षा देणार होते. पास झाले तर शाळेत नोकरी, नाहीतर आईसारखं साड्यांवर टिकल्या चिकटवत बसणं. गाणं जमत होतं. घोडं अडत होतं एकाच जागी: परीक्षक दोन स्वर वाजवणार आणि त्यांतलं अंतर तिथल्या तिथं सांगायचं. मी आपली मनात सा-रे-ग-म मोजत वर चढायचे, तोवर ते पुढचा प्रश्न विचारून मोकळे.

आप्पा रातपाळी करून सकाळी यायचे. केसांत रुई, डोळे लाल. झोपायच्या आधी मला पाठमोरी बसवून पेटी उघडायचे. "इचार करू नको. बोट दखाड." मी खांद्यावरून बोटं दाखवायची. चुकलं की पाठीवर टिचकी. दोन महिन्यांत टिचक्या बंद झाल्या. आप्पा खूश, मी तर हवेतच.

परीक्षेला तीन आठवडे उरले असताना मंडळानं पेटी दुरुस्त करून आणली. पहिल्याच सकाळी माझी पाठ टिचक्यांनी लाल झाली. एक उत्तर धड येईना. आप्पांनी भाता थांबवला. "मंग इतला दिवस तू काय आयकी ऱ्हायनी व्हती?"

मी रडकुंडीला येऊन भांडलेच. म्हटलं, जुन्या पेटीत ग दाबला की फुसफुस व्हायची, ध ची पट्टी उठताना टक् करायची, नि च्या शेवटी बारीक शिट्टी यायची. त्यावरून तर मी सगळं ओळखायचे! आता पेटी चांगली केली, यात माझा काय दोष?

आप्पा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "कसानी फुसफुस?"

त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. त्यांचा कान बारीक आवाजांना कधीच मुकला होता आणि ते त्यांना त्या सकाळी, माझ्या तोंडून कळलं. मला जीभ चावून टाकावीशी वाटली. आईच्या हातातली टिकली हातातच राहिली.

आप्पांनी भाता पुन्हा हातात घेतला. मग मला खुणेनंच पाठ फिरवायला सांगितलं आणि सा बदलला. त्या दिवसापासून दर खेपेला सा नवा. आज या पट्टीवर, लगेच पुढच्या वेळी भलत्याच. पट्टीच्या खोडी पाठ करायला जागाच उरली नाही. मी मोजायला लागले की म्हणायचे, धागा किती ताणलेला आहे ते काय मोजतो का आपण? हाताला कळतं. तसा सा गळ्यात धरून ठेव आणि दुसरा स्वर त्याला किती ओढतो ते बघ. तीन आठवडे त्या माणसानं माझ्यासाठी झोप मोडली. प पोट भरल्यासारखा वाटतो, कोमल रे अंग चोरतो, हे मला तेव्हा कळलं.

परीक्षेत दोन स्वर वाजले आणि घाबरून माझी बोटंच वर गेली. परीक्षक म्हणाले, "बेन, मोढेथी बोलो." तोंडानं सांगायचं होतं, पण तोपर्यंत बोटांनी बरोबर उत्तर दिलेलं होतं. मी फक्त ते वाचून दाखवलं. सगळी बरोबर आली. नोकरी मिळाली ती अशी.

आता आप्पांना बोललेलं ऐकू येत नाही. कानाचं मशीन डबीतच असतं, त्यांना त्याचा राग आहे. पण पेटीच्या लाकडाला कान लावला की खालचे स्वर कळतात म्हणतात. म्हणून रविवारी मी वाजवते आणि ते माझ्याकडे पाठ करून, कान टेकवून बसतात.

परवा मी सा-प वाजवला. त्यांनी चार बोटं दाखवली. वाटलं, जाऊ दे, बरोबर म्हणावं, या वयात काय छळायचं! पण माझं चुकलेलं त्यांनी एकदाही बरोबर म्हटलं नव्हतं. त्याच जोरावर मी आज चार घास मानानं खाते. मी त्यांच्या पाठीवर टिचकी मारली आणि पुन्हा वाजवला.

आप्पांनी कान आणखी दाबून धरला, डोळे मिटले. मग त्या चार बोटांशेजारी अंगठाही सावकाश उघडला.