नकाशात राहून गेलेलं घर

संक्रांतीची हळदीकुंकवं झाली आणि अंबरपेठेतल्या आमच्या दोन्ही गल्ल्या तापाने फणफणल्या. साथ कशी पसरते याचं गणित मांडणं हेच माझ्या मुलीचं काम. तिने विचारलं, "आई, यंदा कोण कोणाकडे गेलं होतं?" खामखा चौकशा, असं पुटपुटत मी सांगत गेले. लॅपटॉपवर तिने प्रत्येक घराचा ठिपका काढला, जाण्यायेण्याच्या रेघा ओढल्या आणि त्यांवरून तापाचा लाल रंग सोडून बघितला. तो आमच्याच गल्लीत घुटमळला. पलीकडे जाईचना.

"कोणीतरी राहिलंय. दोन्ही गल्ल्यांत जाणारं."

"मला शिकवू नकोस," मी चिडले. "एकूण एक बाई सांगितली."

आणि मग मला कोपऱ्यावरच्या काकू आठवल्या. नवरा गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही. पण संक्रांतीच्या आधी तिळाचे लाडू वळायला मात्र घरोघरी त्याच लागतात.

आम्ही बायकांनी ज्यांना मोजलं नव्हतं, त्यांची रिकामी जागा त्या आकड्यांनी बरोबर दाखवली होती.

मुलीने तो ठिपका मांडला. लाल रंग सरसर दोन्हीकडे धावला. "आता यांना आधीच लस दिली असती तर बघ," ती म्हणाली.

पडद्यावरचा ताप आमच्या गल्लीच्या टोकालाच विझला. पलीकडची सगळी घरं हिरवीगार राहिली. एवढ्या सवाष्णींची घरं राखणारा तो एकच ठिपका होता, आणि त्यालाच आम्ही कुंकू लावत नव्हतो.