दिवळीपलीकडची आक्का

"उंदीर एवढं जड चालत न्हाईत," भिंतीपलीकडून कुणीतरी म्हणालं. "त्यांच्या घरात माणूस हाय."

मी बाहेरच्या सोप्यात होते तिथेच थांबले. नऊ वर्षांनी आमच्या गावाकडच्या घराचं कुलूप काढलं होतं. हातात मोजायचा टेप होता आणि पायाखाली धुळीचा इतका मऊ थर, की माझं पाऊल मलाच ऐकू येत नव्हतं. पलीकडे मात्र ते ऐकू गेलं होतं. आवाज शेजारच्या वैनींचा होता, पण ऐकायची ही तऱ्हा त्यांच्या सासूची.

सासू म्हणजे आक्का. माझ्या पप्पांची आक्का, माझीही आक्का, सगळ्या गल्लीची आक्का. तिचं खरं नाव मला आजही माहीत नाही. आक्का कानांनी बघायची. स्वतःच्या चुलीपुढे बसून तिला आमच्या घरात कोण कुठे चाललंय, दुधावर झाकण पडलंय की नाही, हे कळायचं. आजोबांचा चष्मा हरवला की भिंतीतून आवाज यायचा, "पेटीवर काचंचं कायतरी वाजलंय सकाळी. तितं बघा." चष्मा तिथेच असायचा.

आमचं गाव निपाणीच्या अलीकडे, हायवे सोडून आत. आम्ही बेळगावात, हिंडलग्याच्या बाजूला राहायचो आणि सुट्टीत आजोबांकडे यायचो. आमचं आणि आक्काचं घर यांत एकच मातीची भिंत होती आणि त्या भिंतीत आरपार दिवळी. वीज नव्हती तेव्हा तिथे ठेवलेला एक दिवा दोन्ही स्वयंपाकघरांना पुरायचा. वीज आली, दिवा गेला, भोक राहिलं. भिंत इतकी जाड, की पलीकडचं तोंड दिसायचं नाही. फक्त आवाज यायचा आणि हात.

आक्काचा हात मला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतो. मनगटावर फिकं हिरवं गोंदण, बोटांची टोकं पिवळसर. ती निपाणीला वखारीत तंबाखू निवडायला जायची. त्या हातातून कधी धपाटं यायचं, कधी भाजलेलं कणीस, आणि प्रत्येक वस्तूला तंबाखूचा पुसट वास असायचा. मी शिंकायला लागले की ती पलीकडून मोजायची. "एक. दोन. थांब, तिसरी हाय अजून." तिसरी यायचीच. मग ती समाधानाने म्हणायची, "झालं. आता खा."

मी कुणाशी बोलत नसे. इंग्रजी शाळेतलं माझं मराठी गावातल्या पोरींना हसायला पुरायचं. मी "मी येत आहे" म्हटलं, की त्या आठवडाभर "मी येत आहे" म्हणत माझ्यामागून फिरायच्या. दिवळीपाशी मात्र मी तासन् तास बोलायची. आक्का मला म्हणाली होती, "मला तुजं तोंड दिसत न्हाय, तुला माजं दिसत न्हाय. मग लाजायचं कुणाला?" रस्त्यात भेटली तर ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी आईचा पदर धरून उभी असायची आणि ती दुसऱ्याच कुणाशी बोलत निघून जायची. ते माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

धपाट्याच्या बदल्यात तिला रोज एक इंग्रजी शब्द हवा असायचा. "काय शिकलीस ते एक दे हिकडं." मी दिलेल्या शब्दांतला तिला सगळ्यांत आवडलेला शब्द बिकॉज. अर्थ सांगितला होता, पण तो तिने बाजूला ठेवला. "बिकॉज, आज मीठ सपलं." "बिकॉज, म्हस गाभण हाय." वखारीतल्या बायकांवर तिने त्या शब्दाची चांगलीच छाप पाडली होती. "मुकादमाला म्हटलं, बिकॉज! गप्पच बसला गं."

मी बारा वर्षांची होते त्या मे महिन्यात मला शाळेतल्या मैत्रिणीचं पत्र आलं. माझी ती एकुलती एक मैत्रीण शाळा सोडून दुसऱ्या गावी निघून गेली होती. दुपारी सगळे झोपल्यावर मी पालथी पडून, तोंडात उशी कोंबून रडले. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवळीतून हात आला, हातावर गुळाचा खडा, आणि हळू आवाज: "काल का रडत हुतीस गं बाळ?"

मी गूळ घेतला नाही. इतके दिवस जे भोक माझं होतं, ते एकदम तिचं झालं. आत्तापर्यंतचं सगळं तिने ऐकलं असेल, मी झोपेत बोलते तेही, असं काहीबाही मनात येत राहिलं. हात बराच वेळ तसाच पुढे होता. मग आत गेला.

त्याच सकाळी मी पप्पांना सांगितलं, "ते भोक बंद करा." त्यांनी का, विचारल्यावर मी म्हणाले, "उंदीर येतात." पप्पांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मागच्या परड्यात हौदाचं काम चाललं होतं, त्यातलं पाटीभर सिमेंट त्यांनी उचललं आणि आक्का वखारीत गेलेली असताना दिवळी भरून टाकली. संध्याकाळी पलीकडून भिंतीवर टक टक झाली. थोडं थांबून पुन्हा एकदा. मी भिंतीला टेकून बसले होते, श्वास धरून.

त्या वर्षी दिवाळीनंतर आजोबा गेले. बाराव्याला आक्का आली, पंगत उठेपर्यंत थांबली आणि मग पप्पांना म्हणाली, "दिवळी का बुजवलीस रं?"

पप्पांची नजर एकदा माझ्यावरून गेली. "उंदीर येत होते, आक्का."

"उंदीर माज्याकडं बी हुते. मी न्हाय बुजवली."

मी पप्पांच्या मागेच उभी होते. आक्का निघाली, उंबऱ्याशी थांबून मला म्हणाली, "बरी हाईस न्हवं?" मी मान हलवली. तिच्याशी माझं झालेलं हे शेवटचं बोलणं, आणि त्यात मी बोललेच नाही. घराला कुलूप लागलं. दोन वर्षांपूर्वी पप्पांना फोन आला, आक्का गेली म्हणून. फोन ठेवून ते गॅलरीत जाऊन बसले. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलेलं.

आता परड्याकडचं छप्पर बसलंय. घर पाडायचं ठरलंय. पप्पांचा गुडघा धड नाही, म्हणून मापं घ्यायला मी आले होते. आणि भिंत दोघांची, म्हणून वैनींना विचारायला.

मी खोल्यांतून फिरत राहिले. कौलांच्या फटींतून उन्हाच्या काठ्या खाली उतरल्या होत्या. दिवळीतून येणारा तंबाखूचा वास कधीचाच गेला होता, तरी मला शिंक आली. एक, दोन. माझं मलाच कळलं, की मी थांबले आहे. तिसरी आलीच नाही.

"आलीस व्हय?" वैनी दारात उभ्या होत्या. "किती उंच झालीस! ये, च्या घे. हितं भुतागत काय फिरतीस?"

त्यांच्या स्वयंपाकघरात मी पहिल्यांदाच गेले. पलीकडून ऐकलेलं सगळं तिथे जागच्या जागी होतं: चूल, पाट, भांड्यांची फळी. आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीत सिमेंटचा एक करडा चौकोन. त्यावर चार बोटं उमटलेली.

"त्या दिवशी वखारीतनं आल्या न् हात घालाय गेल्या," वैनी म्हणाल्या. "सिमेंट वलं हुतं. चुना देताना तेवढी जागा सोडायला लावायच्या मला."

मी भिंतीचं विचारलं. चहा गाळता गाळता त्यांनी मान हलवली.

"पाडा की. आमचं काय न्हाय. पर तुज्या पप्पाला हितं येऊन बसू दे एकदा. सासूबाई जाईपतूर एकच म्हणत हुत्या, माजं काय चुकलं तेवढं तरी सांगायचं. शहरात गेला, मोठा झाला, म्हणून बुजवली का? आता त्या न्हाईत, तर त्याच्या तोंडानं मला तरी ऐकू दे. मग पाडा भिंत."

पप्पा आले असते. काठी टेकत बसमधून उतरले असते, याच पाटावर बसले असते आणि पुन्हा उंदीर म्हणाले असते. वैनींनी कप माझ्यापुढे ठेवला. चहा तसाच राहिला. त्या चार बोटांकडे बघायला मला जमत नव्हतं, म्हणून मी वैनींच्या तोंडाकडे बघितलं.

"वैनी, पप्पांना नका बोलावू. उंदीर नव्हतेच. आक्कांनी माझं रडणं ऐकलं म्हणून मला राग आला, आणि दिवळी मीच बुजवायला लावली."