पायाळूच्या घरची पाठ

डॉक्टरांनी विचारलं, "आजवर इलाज काय केला?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "मी पायाळू आहे ना." डॉक्टरबाई बाहेरगावच्या असाव्यात. त्यांनी टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग पेशंट नक्की कोण?"

पेशंट बाजूच्या स्टुलावर बसली होती. माझी बायको.

पायाळू म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला. कुणाच्या पाठीत उसण भरली की अशा माणसाचा पाय तीनदा पाठीला लावायचा, चमक निघून जाते, असं आमच्या मोताळ्याकडच्या गावांत मानतात. दहावीला दोनदा बसलेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ होता. सकाळी दारात कुणी ना कुणी कंबर धरून उभं असायचं, आणि मी चहा संपवून मगच उठायचो.

बायकोची कंबर दोन वर्षं दुखत होती. उठली की पाठ लाकडासारखी. भाकरी होईपर्यंत ओट्याशी उभं राहवत नसे. तिची आई शेवटची वर्षं कमरेत वाकून, जमिनीकडे बघत जगली होती. ते तिच्या मनात होतं, बोलायची नाही. मी म्हणायचो, "पालथी हो, डॉक्टर घरातच आहे." आणि टाच लावायचो. गुण येईना तेव्हा जरा जोरानं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. मणक्यांच्या मागच्या बाजूला जोडीजोडीनं लहान सांधे असतात, गुडघ्यासारखे तेही झिजतात, हा त्या सांध्यांचा संधिवात, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. झिजलेलं भरून येत नाही. पण रोजचा व्यायाम, शेक, चालणं, काही दिवस गोळ्या; एवढ्यानं भागलं नाही तर सांध्यात इंजेक्शन. "लवकर आला असता तर पाठ इतकी आखडली नसती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि तुमचा पाय आता जमिनीवरच राहू द्या."

बायकोनं एकच विचारलं, "मी माह्या मायसारखी वाकीन का?"

"बहुतेक नाही. पण व्यायाम सोडायचा नाही."

बुलडाण्याहून परतताना एसटीत ते 'बहुतेक' माझ्या शेजारी बसून आलं. इतकी वर्षं मिरवलेला पाय सीटखाली कुठं ठेवावा, कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काका दारात, हात कमरेवर. "चाल बे, पाय लाव लवकर. वावरात जायचं हाय."

"काका, बुलडाण्याले जाऊन दाखवा."

"काऊन? तुह्या पायाले काय झालं?"

"पायाले काही नाही झालं."

"मंग डोक्याले झालं," म्हणत काका गेले.

आत बायको सतरंजीवर उताणी पडून एकेक गुडघा पोटाशी ओढत होती. दहापर्यंत मोजायचं काम माझ्याकडे. पाचावर मी थांबलो. "दोन वर्षं गुण नव्हता, तर बोलली काऊन नाही?"

तिनं गुडघा सोडला नाही. छताकडे बघत म्हणाली, "अख्खं गाव तुमच्या पायावर भरोसा ठेवून होतं. घरच्या बाईनंच गुन नाही म्हटलं असतं, तर दारात कोन आलं असतं? मोजा आता. सहा."