येते म्हणणारा जावई

"काकू, मी येते," असं म्हणून तो निघायचा, आणि दाराची चौकट कपाळाला लागू नये म्हणून वाकायचा. सव्वासहा फुटी, ओहायोच्या शेतावर वाढलेला गोरा गडी, पंजा पोळपाटाएवढा, आणि तोंडी हे वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातून परात पडली होती. नंतर सवय झाली.

तो आमच्या शेजारच्या अण्णांचा जावई. ऐंशीच्या दशकात ओहायोत, कोलंबस शहराला लागून असलेल्या आमच्या डब्लिनमध्ये मराठी घरं मोजकीच, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय ते बाकीच्यांना लगेच कळायचं. अण्णांच्या एकुलत्या एका मुलीनं कॉलेजातल्या बेसबॉलपटूशी लग्न ठरवलं, ही बातमी तर अण्णांच्या आधी आम्हाला कळली.

कॉलेजात तो म्हणे हिरो होता. त्यानं बॉल टाकला की समोरचे बॅटवाले हवेला वारा घालून परत जायचे. पेपरात फोटो यायचे. डिग्री हातात पडायच्या आतच एका मोठ्या क्लबनं त्याला उचललं. अमेरिकेत याला केवढा मान! पण आमच्या महाराष्ट्र मंडळात मान डॉक्टरला, त्याखालोखाल इंजिनिअरला. खेळणाऱ्यासाठी एकच प्रश्न राखून ठेवलेला होता, "बरं, आणि नोकरी?" अण्णांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, एकदा कौतुकानं सांगितलं, "सध्या मायनरमध्ये आहे, पुढे मेजरमध्ये जाईल." तर आमचे एक हृदयरोगतज्ज्ञ दचकून म्हणाले, "मायनर? मग लग्न लीगल कसं झालं?" एवढे शिकलेले लोक आम्ही.

मायनर म्हणजे खालच्या पायऱ्यांवरचे संघ. बसनं गावोगाव हिंडायचं, मोटेलात झोपायचं आणि वरून बोलावणं येण्याची वाट बघायची. हिवाळ्यात खेळ बंद. मग हा कॉलेजचा हिरो मॉलमध्ये बूट विकायचा, बायकोबरोबर अण्णांच्या बेसमेंटमध्ये राहायचा, आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये टांगलेल्या जाळीत बॉल फेकत बसायचा.

अण्णांनी त्याच्याशी अबोला धरला होता. आरडाओरडा नाही, भांडण नाही. अगदी सुसंस्कृत, सांगलीकडचा अबोला. जावई समोर जेवायला बसलेला असताना अण्णा वहिनींना म्हणायचे, "त्यांना विचार, आमटी हवी का." खेळाबद्दलचं मतही ते भिंतीला ऐकवायचे. "टप्पा पडत नाही त्याला काय बोलिंग म्हणायचं? सगळे फुलटॉस!"

तो 'येते' का म्हणायचा, हे तुमच्यासारख्या चाणाक्ष मंडळींच्या लक्षात आलंच असेल. त्याला मराठी शिकवली बायकोनं, सासूनं आणि मी. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे वहिनींनी लेकीच्या अंगात मुरवलं होतं. बाकी सगळं ती इंग्रजीत बोले, पण हे एक वाक्य चुकायचं नाही. तेच त्यानं उचललं. मंडळातले पुरुष त्याच्याशी बोलायचे ते इंग्रजीत, आणि तेही नोकरीबद्दल. घरात पुरुष एक, आणि त्याची दातखीळ बसलेली. मी एकदा सुधारायला गेले तर वहिनींनी मला अडवलं. "राहू दे. हे ज्यानं शिकवायचं त्यानं शिकवावं."

निघताना तो सगळ्यांना सांगायचा. "आई, मी येते." मग खुर्चीतल्या उघड्या पेपरला, "बाबा, मी येते." पेपर काही हलायचा नाही.

मला त्याचा राग यायचा. एवढा धिप्पाड माणूस, एकदा तरी पेपर ओढून घ्यावा की नाही! पण तो एकदा माझ्याकडे पोहे खाताना हळूच म्हणाला, "काकू, मी मेजरमध्ये गेली, की बाबा बोलेल?" त्याचं बेसबॉल कुठे अडलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "बोलतील रे." माझा काडीचाही विश्वास नव्हता.

दरवर्षी तो एक पायरी चढत गेला. मधे कोपर दुखावलं, एक मोसम बुटांच्या दुकानातच गेला. शेवटी तो कोलंबसच्या, म्हणजे आमच्याच गावच्या संघात आला. मेजरच्या खालची ही शेवटची पायरी. आता उन्हाळ्यातही मुक्काम बेसमेंटमध्येच, अबोल्यासकट.

आणि एका ऑगस्टच्या सकाळी फोन आला. वरच्या संघातला कुणीतरी जायबंदी झाला होता, दुपारचं विमान पकडायचं होतं. मी धावत गेले. वहिनींनी त्याच्या हातावर दही घातलं, ते त्यानं घाईत शर्टालाही पुसलं. "आई, मी येते. काकू, मी येते." मग पेपरला, "बाबा, मी येते."

पेपर खाली आला.

"येते नाही," अण्णा म्हणाले. "येतो. पुरुषानं येतो म्हणायचं."

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला रडू आवरेना. आणि तो धांदरट, लाल होऊन, मोठ्यांदा म्हणाला, "हो बाबा! मी येते!"

टीव्हीवर त्याचा पहिलाच बॉल समोरच्यानं प्रेक्षकांत भिरकावला. "फुलटॉस!" अण्णा ओरडले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पुढचा गडी बाद झाल्यावर आमच्याकडे बघून म्हणाले, "कसा टाकला, बघितलंत?" जणू कोपर यांचंच होतं. मंडळात तर तो रातोरात 'आपला जावई' झाला. हृदयरोगतज्ज्ञांनी तिकिटं मिळतील का म्हणून विचारलं.

पुढच्या वर्षी क्लबनं त्याला पश्चिमेकडच्या एका संघाला देऊन टाकलं. ती दोघं बिऱ्हाड घेऊन तिकडे गेली, ती तिकडचीच झाली. अण्णांच्या गॅरेजमध्ये जाळी तशीच आहे. गाडी बाहेर बर्फात उभी असते, पण ते जाळी काढत नाहीत.

परवा अण्णा माझा डबा परत द्यायला आले. इकडचं तिकडचं बोलले, दारात जाऊन चपला चढवल्या.

"येते," अण्णा म्हणाले, आणि पायऱ्या उतरून गेले.

मी काही सुधारलं नाही.