अठ्ठेचाळीस घरं

वाद्यवृंदाच्या इमारतीत मागच्या जिन्याखाली एक लांबट खोली आहे. खिडकी म्हणायला एक आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभी, म्हणजे नसल्यातच जमा. या खोलीत एका बाईने अडतीस वर्षं काय केलं, हे समोर बसून टाळ्या वाजवणाऱ्या हजार लोकांपैकी एकालाही ठाऊक नसेल. त्यांचा तरी काय दोष? जेवण चांगलं झालं म्हणून कोणी पातेली घासणारीची चौकशी करत नाही.

साठ-पासष्ट वादक एकत्र वाजवतात, तेव्हा प्रत्येकाच्या पुढ्यात त्याच्या वाद्यापुरती एक वही असते. सगळ्यांचं मिळून काय होतं ते फक्त कंडक्टरच्या मोठ्या वहीत. या वह्या जुळवायच्या, फाटक्या सांधायच्या, कंडक्टरने तालमीत सांगितलेल्या खुणा पेन्सिलीने साठ ठिकाणी उतरवायच्या आणि कार्यक्रमाच्या दिवशी ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्या स्टँडवर ठेवायची, हे त्या बाईचं काम. म्हणून ती वहीताई. सासूबाईंनी मात्र या सगळ्यातला 'कंडक्टर' एवढाच शब्द पकडला आणि शेवटपर्यंत शेजारणींना सांगत राहिल्या, "आमची सून बसच्या डेपोत आहे. पक्की नोकरी." वहीताईंनी दोनदा समजावून पाहिलं आणि तिसऱ्यांदा नाद सोडला. नोकरी पक्की होती, हे तरी खरंच होतं.

त्यांचे वडील बाइंडर. मुलगी अक्षरं गिरवायच्या आधी टाका घालायला शिकली. एकही वाद्य वाजवता येत नसताना तिला हे काम मिळालं ते त्या टाक्याच्या जोरावर. संगीताची लिपी वाचायला ती नंतर शिकली, आणि अशी शिकली की कागद नुसता चाळून कुठे कोण अडखळणार ते सांगायची.

कामाला लागून जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हाची गोष्ट. वहीताई तेवीस वर्षांच्या, आणि नवे कंडक्टर एकोणतीस. केस विस्कटलेले, बूट मात्र चकचकीत. त्यांचा पहिलाच मोठा कार्यक्रम होता आणि त्यात एक लांबलचक सिंफनी. तिच्या तिसऱ्या भागात एक जागा आहे. लिपीत उभ्या रेघा मारून घरं पाडलेली असतात; एरवी प्रत्येक घरात सारख्याच मात्रा. या जागी मात्र अठ्ठेचाळीस घरं अशी आहेत की एकात तीन मोजायचे, पुढच्यात पाच, मग दोन, पुन्हा पाच. लिहिणाऱ्याने कोणावर राग काढला होता देव जाणे. तिथे कंडक्टर चुकले. एक बाजू इकडे, दुसरी तिकडे, आणि बघता बघता सगळा वाद्यवृंद बंद पडला. भरल्या सभागृहात सात सेकंद शांतता. पुढचा भाग त्यांनी कसाबसा ओढून नेला.

कार्यक्रम संपल्यावर ते जिन्याखालच्या खोलीत आले. चेहरा पांढराफटक.

"ही पानं बंद करता येतील? परत उघडणारच नाहीत अशी?"

"चिकटवली तर कायमची जातील," त्या म्हणाल्या. "टाचणी गंजेल. शिवून देऊ का?"

शिवून दिली. प्रत्येक वहीत ती पानं एकत्र धरून पांढऱ्या सुती दोऱ्याचे तीन टाके. पान उलटलं की वादक अलीकडच्या घरातून थेट पलीकडे. ती सिंफनी कंडक्टरांनी नंतर शंभरेक वेळा वाजवली, ती तशीच, अठ्ठेचाळीस घरं वगळून. नाव झालं, परदेशातून बोलावणी आली. वह्यांचा तो संच त्यांनी स्वतःचाच करून घेतला. पेटीत बसून वहीताईंचे टाके सोळा देश हिंडून आले, वहीताई मात्र कधी शहराबाहेर पडल्या नाहीत. तिकडच्या समीक्षकांनी लिहिलं, अनावश्यक ते छाटण्याचं केवढं हे धाडस! कंडक्टरही मुलाखतींतून सांगू लागले की ती घरं म्हणजे नुसतं पाल्हाळ. धाडस कसलं आणि पाल्हाळ कसलं. भीती होती ती, चांगली खणखणीत, आणि हे दोघांनाच माहीत होतं. त्यांनी हा विषय पुन्हा कधी काढला नाही, वहीताईंनीही नाही.

आता कंडक्टर सदुसष्ट वर्षांचे झाले. सगळे त्यांना 'सर' म्हणत. उजव्या खांद्याने असहकार पुकारला होता, आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की अजून एक कार्यक्रम, मग पुरे. तो शेवटचा कार्यक्रम रविवारी दुपारी, याच सभागृहात ठरला. आठवडाभर आधी सर पेटी घेऊन खोलीत आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उसव."

"सगळ्या?"

"सगळ्या. ती जागा न वाजवता घरी गेलो, तर घरी गेल्यासारखं वाटणार नाही मला."

वहीताईंनी गळ्यातल्या दोरीला अडकवलेली छोटी कात्री काढली आणि पासष्ट वह्या उसवल्या. तालमी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी त्या जागी सरांचे ओठ निळे पडले, दुसऱ्या दिवशी कमी पडले. पार झाली म्हणायची, पण प्रत्येक वेळी काठावरून. वहीताई दाराच्या फटीतून ऐकायच्या आणि श्वास रोखायच्या. रविवारी हे मोडलं तर हा माणूस उरलेलं आयुष्य तेच सात सेकंद ऐकत बसेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

रविवारी सकाळच्या शेवटच्या तालमीनंतर हॉर्नवाला आला. हॉर्न म्हणजे गोल वळलेलं पितळी वाद्य, आणि हा वाजवणारा नवा, कामसू, धांदरट. त्याच्या वहीवर चहा सांडला होता. "ताई, माफ करा, पानं चिकटलीत."

"चहा प्यायचा असतो, वहीला पाजायचा नसतो," असं म्हणत वहीताईंनी पेटीच्या तळातून हॉर्नची जादा वही काढली, वेष्टन झटकलं आणि त्याच्या स्टँडवर नेऊन ठेवली. मग उरलेल्या कामाला लागल्या.

कार्यक्रम सुरू झाला. पहिला भाग छान गेला. दुसरा हळुवार भाग चालू असताना वहीताई खोलीत बसून चहाची वही वाळवत होत्या, एकेक पान सुटं करत होत्या. मधल्या पानांवर त्यांना आपल्याच सुईची भोकं दिसली, तीन टाक्यांची सहा. आणि ते पान हातातच राहिलं.

जादा वह्याही शिवल्या होत्या! अडतीस वर्षांपूर्वी त्यांनीच, शहाणपणाने. अर्धवट काम करायचं नाही, ही वडिलांची शिकवण. आणि आठवड्यापूर्वी उसवल्या त्या फक्त स्टँडवर जाणाऱ्या पासष्ट. म्हणजे हॉर्नवाला आता पान उलटणार आणि सरळ अठ्ठेचाळीस घरं पुढे जाऊन पडणार. त्या जागेत बाकीचे मोजतात ते याच्याच हॉर्नच्या आधाराने. दोन्ही हात वाद्यात अडकलेले, तो दोरा कधी तोडणार? गोंधळ उडणार, पुन्हा तिथेच, आणि सर समजणार की आपणच चुकलो.

वहीताई धावल्या. एकसष्टाव्या वर्षी जिन्याच्या बावीस पायऱ्या, दोन-दोन करून. मंचाच्या बाजूच्या दाराशी मंचाचा व्यवस्थापक उभा होता, दार अडवायलाच जन्माला आल्यासारखा गृहस्थ.

"ताई, कुठे?"

"आत."

"वेड लागलंय का? कार्यक्रम चालू आहे!"

"दुसरा भाग संपला की दोन श्वासांची सवड मिळेल. तू बाजूला हो, नाहीतर मी तुला घेऊन आत जाईन."

तो बाजूला झाला. अडतीस वर्षांत या बाईने आवाज चढवलेला त्याने ऐकला नव्हता.

दुसरा भाग संपला. सभागृहात नेहमीप्रमाणे खोकल्याची साथ आली. वहीताई आत शिरल्या, निळ्या अ‍ॅप्रनमध्ये, चष्मा कपाळावर. प्रेक्षक समोर असताना त्यांनी मंचावर पाऊल ठेवायची ही पहिलीच वेळ. हॉर्नची रांग दारापासून दहा पावलांवर. सरांनी ताल द्यायची छडी उचलली होती. त्यांनी वहीताईंना पाहिलं आणि छडी खाली आली.

"काय झालं?" हॉर्नवाला कुजबुजला.

"काही नाही. सरक."

पहिला टाका कापला, दुसरा कापला. तिसरा टाका शिवणीत इतका खोल बसला होता की कात्री पोचेना. वहीताई वाकल्या आणि हजार लोकांदेखत दोरा दाताने तोडला. परत जायला वेळ नव्हता. हॉर्नच्या रांगेमागे एक मोकळी खुर्ची होती, तिच्यावर त्या मटकन बसल्या. सरांनी आणखी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि छडी उचलली.

अडतीस वर्षं वहीताईंनी सरांची पाठ पाहिली होती, फार तर बाजू. वाजवताना चेहरा कसा होतो ते आज पहिल्यांदा दिसत होतं. ती जागा जवळ आली. हॉर्नवाल्याने पान उलटलं, पान सुरळीत उलटलं. आणि वहीताईंना दिसलं की सरांचे ओठ हलताहेत. एक दोन तीन. एक दोन तीन चार पाच. एक दोन. एवढा जगभर नावाजलेला माणूस, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा मोजत होता. वहीताईही मोजायला लागल्या. विसावं घर गेलं, तिसावं गेलं. चौतिसाव्याला सरांनी डोळे मिटले, हात मात्र चालत राहिला. चाळीस. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. मग सगळी व्हायोलिनं एकदम वर उठली, आणि ती घरं पार करून तो सूर किती सुंदर लागतो हे वहीताईंनी आज पहिल्यांदा मोकळ्या श्वासाने ऐकलं. त्या रडल्या. अ‍ॅप्रनला डोळे पुसले, तरी पुन्हा रडल्या. मनावरचा दगड उतरल्यावर दुसरं काय करायचं असतं?

टाळ्या थांबता थांबत नव्हत्या. बाहेर हार, पाहुणे, छायाचित्रकार ताटकळत होते आणि सर मात्र जिन्याखालच्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"मंचावर कशाला आलीस? मला वाटलं, तुझा माझ्यावर भरवसा राहिला नाही. परत शिवायला आलीस."

वहीताईंनी सगळं सांगितलं. चहा, जादा वही, तीन टाके. काही लपवलं नाही. "चूक माझी होती, सर. मोडलं असतं तर माझ्यामुळे मोडलं असतं."

सर स्टुलावर बसले. मग त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मग त्या पहिल्या वेळी? तेव्हाही कोणाच्या तरी वहीतच काही राहिलं असेल? मी उगाच एवढी वर्षं..."

"नाही," वहीताई म्हणाल्या.

"तुला काय ठाऊक?"

"त्याच रात्री मी सगळ्या वह्या तपासल्या होत्या. पहिल्या घरापासून, मोठ्या वहीशी ताडून. लिपी येत नव्हती तेव्हा, पण खुणा जुळतात का हे दिसत होतं. म्हटलं, कोणाच्या वहीत चूक सापडली तर सकाळी येऊन सांगेन, तुम्हाला तेवढंच बरं वाटेल. एकही सापडली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच चुकलात. चौतिसाव्या घरात. तीन मोजायचे तिथे पाच मोजलेत. वह्या परत देताना वादक तेच बोलत होते."

"नक्की?"

"नक्की."

सरांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरची वाळत घातलेली पानं हलली. "मीच चुकलो होतो," ते म्हणाले. "देवा रे, केवढं बरं वाटलं! नाहीतर दुसऱ्याच कोणाच्या चुकीला भिऊन मी हे आयुष्य काढलं, असं झालं असतं." आणि ते हसायला लागले. "पण हे तू मला अडतीस वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

सर आणखी जोरात हसले, दुखऱ्या खांद्यावर हात दाबून धरत हसले, आणि वहीताईंनाही हसू आवरेना. बाहेर कोणीतरी दार वाजवत होतं, पाहुणे निघालेत म्हणून ओरडत होतं. "निघू देत," सर म्हणाले, आणि त्यांनी बूट काढून पाय लांब केले.