लेकरं निजवायच्या निमित्तानं

केनवडच्या विहारात रविवारी वंदना आटोपली की धम्मदीपा सतरंज्या आडव्या अंथरायची, म्हणजे निजलेल्यांचे पाय मूर्तीकडे येत नसत. मग आया आपापली लेकरं घेऊन योगाला यायच्या. लेकराशिवाय आलेल्या बाईला ती वर्गात घेतच नसे. आई ओणवी झाली की लेकरानं पाठीवर बसायचं. आईनं पाय उचलले की त्यांच्यावर झोके घ्यायचे. बाया पोटभर हसायच्या.

शवासन मात्र कुणाला जमेना. पडा म्हटलं की सगळ्या ताठ बसत. दिवसाढवळ्या आडवी झालेली सून एक तर आजारी, नाही तर आळशी. गावाला तिसरं कारण ठाऊक नव्हतं.

धम्मदीपाला काळजी होती पल्लवीची, गोलूच्या आईची. रात्ररात्र डोळा लागत नाही, सकाळी पोरावर हात उठतो, मग स्वतःचाच राग येतो, एवढं तिनं एकदा चपला शोधता शोधता सांगितलं होतं. धम्मदीपाला ते दिवस माहीत होते. पहिल्या बाळंतपणानंतर तीही भिंतीकडे तोंड करून बसायची. वाशीमच्या डॉक्टरीणबाईंच्या औषधानं सावरली आणि तिथंच योग शिकली.

आज पल्लवीची सासू चंपाबाई दाराशी येऊन बसली होती. तिला पटलं नाही तर पल्लवीचं येणं आजपासून बंद होणार होतं.

"घोडा घोडा तं आमीबी खेळलो व धम्मदीपा. त्याले मॅडम कायले लागते?"

"खेळल्या म्हणूनच तुमची पाठ अजून ताठ हाये, मावशी."

बाया खुसखुसल्या. चंपाबाईही हसली, पण हलली नाही.

शवासनाची वेळ आली. पल्लवीनं सासूकडं पाहिलं आणि पदर सावरून बसली. धम्मदीपाच्या मनात आलं, लेकराला निजवायला आई आडवी झाली, तर तिला कुणी बोलत नाही.

"आज कोणी झोपू नका," ती म्हणाली. "लेकरं छातीवर घ्या, अन् निजवा."

एकेक करत सगळ्या पडल्या. आयांच्या श्वासाबरोबर लेकरं वरखाली होऊ लागली. गोलूला मात्र झोप कुठली? थोड्याच वेळात तो घसरून उतरला आणि आजीच्या मांडीत जाऊन बसला.

"पोरगं तं माह्यापाशी हाये," चंपाबाई म्हणाली. "मंग हे कोणाले निजवून राह्यली?"

पल्लवीनं कोपर टेकलं. उठणार, तेवढ्यात पुन्हा पाठ टेकली. डोळे मिटूनच म्हणाली, "मले, आत्याबाई."

चंपाबाईला सुनेच्या मिटल्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. मग गोलूला कडेवर घेऊन उठली.

"पुढच्या ऐतवारी इकडे याच्या आंधी पीठ चाळून ठेवजो व," दारातून ती म्हणाली. "भाकरी मी टाकतो."

पल्लवीला ते ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. तिचा श्वास संथ चालला होता. वर्ग संपला, तरी धम्मदीपानं कुणाला सतरंज्या गुंडाळू दिल्या नाहीत.